दयाळ आणि थंड देशातलं शेवाळ

कराडात मी कॉलेजातल्या एका सरांकडे भांडी घासायची. सर एकटेच होते. बोलताना माझ्याकडे न बघता पिंजऱ्यातल्या दयाळाकडे बघायचे. युरोपातल्या थंडीतून आलेलं वाळकं शेवाळ पाण्यात टाकून सांगायचे, "बघा बाई, महिनोन्महिने विसरलं तरी पुन्हा हिरवं होतं. पाखरू नुसतं गातं."

उन्हाळ्यात पेपर तपासायला ते सांगलीला गेले. जाताना घराला कुलूप लावलं आणि दयाळ आतच विसरला. परत येऊन कुलूप काढलं तेव्हा मी मागेच होते. दयाळ पिंजऱ्यात वाळून पडला होता. सरांनी त्याला अलगद बशीत ठेवलं आणि त्याच्यावर थेंब थेंब पाणी सोडू लागले.

"आवं सर, गेलं ते पाखरू," मी म्हणाले.

"थांबा," सर म्हणाले, "शेवाळालाही वेळ लागतो."