वाळू काढून

माझ्या फॉर्मवर तिचं नाव नाही, फक्त क्रमांक आहे. सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधासाठी मी दर महिन्याला रेवदंड्याच्या कोळीवाड्यात रक्तदाब मोजायला जायचे. बाकीच्या बायका मासळी आवरता आवरता हात पुढे करायच्या. ही मात्र हातपाय धुऊन ओट्यावर वाट बघत बसलेली असायची. आकडा दर वेळी चढाच.

"गोळ्या घेता ना, मावशी?"

"घेतंय तर!"

मी 'हो'वर खूण करायचे.

सुकट विकताना गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती आधी सुपात पाखडून वाळू काढायची, मगच वजन करायची.

एकदा तिची सून बोलून गेली, "तुम्ही येणार म्हटलं की ह्या चार दिवस गोळ्या बंद करतात."

मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "गोळी खाल्ली तर आकडा खोटा येल ना, पोरी. वाळूसकट वजन करू व्हय?"

मी खूप समजावलं. तिनं मान डोलावली.

पुढच्या महिन्यात ओटा रिकामा होता. ती आत खाटेवर होती, उजवी बाजू लुळी पडलेली. मला बघून तिनं डावा हात पुढे केला आणि वाकड्या तोंडानं, एकेक शब्द गोळा करत म्हणाली, "चार दिस... न्हाय खाल्ली."