घाटातलं अ‍ॅव्हरेज

ही गोष्ट मी बरीच वर्षं सांगायची टाळली. कधी सांगायला बसलोच, तर पेट्रोल पंपावर जे घडलं तिथपर्यंत येऊन थांबायचो, कारण तेवढं अर्ध्या महाडला माहीत होतंच. त्यानंतर एक फोन झाला होता. त्या फोनबद्दल मी बायकोशीही कधी बोललो नाही. आता अठ्ठ्याहत्तरावं सरलं आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

नोकरीत असताना मी जमिनी मोजल्या. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत असा बांध क्वचितच असेल, ज्यावर मी टेप धरून उभा राहिलो नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एक लहान डिझेल गाडी घेतली. शोरूममधल्या माणसाने एक गुळगुळीत कागद हातात दिला, त्यावर ठळक छापलेलं होतं : लिटरला तेवीस किलोमीटर. शेजारी बारीक अक्षरात काहीतरी होतं. माझा जन्म नकाशावरची बारीक अक्षरं वाचण्यात गेला, ती मात्र मी वाचली नाहीत. कागद घडी घालून गाडीच्या खणात ठेवला. तेवीस हा आकडा डोक्यात पक्का बसला.

पुढे माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली आणि काही महिने गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. नेमकी त्याच वेळी बायकोची थोरली बहीण पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती पोलादपूरच्या वर, घाटाच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायची. बायकोला आठवड्यातून तीनदा तिच्याकडे जायचं होतं. म्हणून ड्रायव्हर ठेवला. त्याच बाजूच्या एका वाडीतला, पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. पूर्वी बरीच वर्षं त्याने मुंबईत टॅक्सी चालवली होती. बायकोला तो वहिनी म्हणे, मला साहेब. मी त्याला अरे-तुरे करायचो.

दोन महिने बरे गेले. मग डिझेल जास्त लागतंय असं मला वाटू लागलं. मी ठरवलं, मोजायचं. एक दिवस त्याच्याबरोबर पंपावर जाऊन टाकी भरली, नळी आपोआप बंद होईपर्यंत. किलोमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात घातला. त्याला काही बोललो नाही. सहा-सात फेऱ्यांनी पुन्हा त्याच पंपावर, त्याच यंत्रावर टाकी भरून घेतली.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. मोजणी करायची तर लगतच्या शेतकऱ्याला नोटीस द्यायची आणि त्याला बांधावर हजर ठेवायचं. त्याच्या पाठीमागे केलेल्या मोजणीला काही किंमत नाही. नवीन मुलांना हे मी शेकडो वेळा बजावलं होतं.

पंपाला लागूनच रिक्षा उभ्या असतात. दुपारची वेळ होती, पाच-सहा रिक्षावाले सावलीत बसले होते. मी तिथेच उभ्या उभ्या भागाकार केला.

"दोनशे ऐंशी किलोमीटर झाले," मी म्हणालो. "डिझेल गेलं वीस लिटर. म्हणजे चौदा. कागदावर तेवीस आहे. मधले नऊ कुठे गेले?"

"साहेब, घाट हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या गिअरला गाडी नुसती रडते. तेवीस कुठनं देईल?"

"म्हणजे कंपनी खोटं छापते?"

"कंपनी खोटं छापत नाय हो. पण कंपनी कवा आपल्या घाटात आली होती?"

रिक्षावाले खो-खो हसले. ते त्याच्या बोलण्याला हसले होते, मला वाटलं मला हसले. मी म्हणालो, "घाट मला शिकवू नको. घाटात गाडी उभी करून पाइप लावतात, तेही मला ठाऊक आहे."

हसणं थांबलं. मग एकजण त्याला म्हणाला, "काय रे, डबा कुठं दडवलास? आम्हाला पण दे की थोडं."

तो त्याच्याकडे वळलाही नाही. मला म्हणाला, "साहेब, टाकीतला थेंब मी काढला नाय. उद्या वहिनींच्या बरोबर तुम्ही पण बसा. वर जाऊन येऊ. मग काय ते बोला."

"मला गरज नाही," मी म्हणालो.

त्यानंतर त्याने जे केलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मला गाडी चालवायची मनाई होती, म्हणून त्याने मला घरी आणून सोडलं. गाडी सावलीत लावली, काच पुसली, चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालत गेला.

बायको खूप चिडली. "अहो, काय केलंत हे? धूळ आत येते म्हणून काचा बंद ठेवून एसी मी लावायला सांगते. चढावर माणसं दिसली की थांबव म्हणून मी सांगते. म्हातारी माणसं डोक्यावर ओझी घेऊन चढणार आणि आपण रिकामी गाडी त्यांच्या शेजारून नेणार?"

"चार माणसं बसली म्हणून नऊ किलोमीटर कमी होतात?" मी म्हणालो.

"ते मला नाही माहीत. पण तो चोर नाही, एवढं माहीत आहे."

त्यानंतर ती एसटीने जाऊ लागली.

आता तो फोन. साधारण पंधरा दिवसांनी आला. त्याच्या वाडीतल्या निम्म्या घरांची माणसं मुंबईत आहेत, त्यांचं तिथे मंडळ आहे. त्या मंडळाचा एकजण बोलत होता.

"काका, आम्ही लोक गावासाठी एक जीप घेतोय. पेशंटला खाली दवाखान्यात आणायला. रात्री-अपरात्री एसटी नसते ना, डोलीतून आणावं लागतं. तर चावी त्याच्याकडे द्यायची असं चाललंय. तुमच्याकडे होता म्हणे. माणूस कसा?"

मी म्हणालो, "गाडी उत्तम चालवतो. डिझेलचं मात्र तुम्ही बघा."

"बघा म्हणजे?"

"बघा म्हणजे बघा."

"समजलं काका. थँक्यू हां."

एवढंच. मिनिटभराचाही फोन नसेल. जीप आली, चावी दुसऱ्याला मिळाली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी स्वतः गाडी चालवू लागलो. बायकोला वर नेऊ-आणू लागलो. पहिली टाकी संपल्यावर पंपावर भागाकार केला. साडेतेरा आले. पुन्हा केला, तरी साडेतेराच. म्हणजे त्याच्यापेक्षाही कमी! गाडीला मीच हात लावत होतो, चावी माझ्याच खिशात असायची. यंत्राची चूक असेल म्हणून दुसऱ्या पंपावर गेलो, तिथे पावणेचौदा.

तेव्हापासून मला हा नादच लागला. एक वही केली. रस्ता, हवा, माणसं, एसी, किलोमीटर, लिटर, असे रकाने पाडले. पहाटे रिकाम्या रस्त्याने, एसी बंद ठेवून, तुडीलकडे सपाटीवर फेऱ्या मारल्या, तेव्हा एकोणीस मिळाले. शिवथरच्या वळणांनी पंधरावर आणलं. दासगावजवळ रस्त्याचं काम चालू असताना एकदा पाऊण तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभा होतो, त्या टाकीला बारा. किलोमीटर तर एकही वाढत नव्हता, गाडी उभ्या जागी पीत होती. पनवेलपर्यंत एका चालीने गेलो तेव्हा वीस मिळाले, आणि तो दिवस मी सणासारखा साजरा केला. चाकांत हवा कमी असली की अर्धा किलोमीटर जातो, डिकीत तांदळाची दोन पोती टाकली की घाटात ते कळतं, सपाटीवर कळत नाही. गाडीतला अ‍ॅव्हरेज दाखवणारा छोटा पडदा पंपाच्या हिशोबापेक्षा कायम एक किलोमीटर जास्त दाखवतो. आणि घाट उतरताना तर तोच पडदा चाळीसच्या वर जातो, तेव्हा वाटतं, आपण काय वाटेत डिझेल बनवतोय की काय.

तेवीस मात्र कधीच नाही. एका मेकॅनिकला विचारलं तर तो हसायला लागला. "काका, ती टेस्ट खोलीत होते. गाडी फिरत्या रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, एसी बंद. ठरवलेल्या वेळी ठरवलेला स्पीड. सगळ्या गाड्या एका मापाने मोजायच्या म्हणून ते असतं. हिची तिच्याशी तुलना करायला. तुमच्या घाटाचं माप नाही ते."

घरी येऊन खणातला तो कागद काढला आणि भिंग लावून बारीक अक्षरं वाचली. चाचणीच्या प्रमाणित परिस्थितीत, असं स्पष्ट लिहिलं होतं. कागद खोटा नव्हताच. नकाशावर शेत सपाट दिसतं आणि जाग्यावर जाऊन पाहिलं तर ते डोंगराच्या अंगाला टांगलेलं असतं, यात नकाशाची चूक नसते. हे मला लोकांना समजावून सांगायचा पगार मिळत होता.

कळलं, म्हणजे लगेच त्याच्याकडे गेलो असं नाही. दोन वर्षं गेलो नाही. वहीत आकडे मात्र लिहीत राहिलो. आता वाटतं, त्या कुतूहलात लपणं सोपं होतं. अजून थोडं मोजू, म्हणजे पक्कं होईल, असं मी स्वतःला सांगायचो. पक्कं पहिल्याच टाकीला झालं होतं.

शेवटी एका हिवाळ्यात, सकाळी उन्हं आल्यावर, एकटाच वर गेलो. वही शेजारच्या सीटवर होती. तो ओटीवर नाचणी पाखडत बसला होता. आणखी दोन शेजारी होते. मला पाहून तो उठला, आणि माझ्याआधी त्याने गाडीकडे पाहिलं.

"या साहेब. वहिनी बऱ्या हायत ना? अगो, चहा ठेव, मोजणीवाले साहेब आलेत." मग खाली उतरून त्याने टायरला अंगठा दाबला. "पुढच्यात हवा कमी हाय. काय देते आता?"

"चौदा," मी म्हणालो.

"घाटात?"

"घाटात. सपाटीला एकोणीस."

"बरोबर हाय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो, सापडला नाही. "एकोणीस म्हणजे चांगलीच चालवता. थंडीत सकाळचे पहिले दोन मैल बघा, तेव्हा जास्त पिते. इंजिन तापलं की मग ताळ्यावर येते."

हे माझ्या वहीत नव्हतं. मी वही आणली. त्याने ती मांडीवर घेतली आणि रकान्यावरून बोट फिरवू लागला. "हे बारा कुठलं? रांगेत होता काय? आणि हे बघ रे," शेजाऱ्याला म्हणाला, "साहेबांनी तांदूळ पण लिवलेत." शेजारी म्हणाला, "मग साहेबांची मंडळी बसली की किती कमी होतं, ते पण लिवलंय काय?" सगळे हसले, मीही हसलो. मग वळणावर गिअर कधी बदलावा यावर आम्ही तासभर बोललो. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या आवडीच्या विषयावर मी कुणाशी बोललो नव्हतो.

चहा देताना त्याची बायको म्हणाली, "आता गाडीच नाय ह्यांच्या हातात. जीप ह्यांना मिळणार होती, पण मुंबयवाल्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. सगळं ठरलं होतं. लोक काय काय बोलले तेव्हा. ह्यांनी चार महिने वाडीत तोंड दाखवलं नाय."

"जाऊ दे गो," तो म्हणाला. "कुणीतरी काहीतरी सांगितलं असंल."

सांगायची वेळ तीच होती. कुणीतरी म्हणजे कोण, ते त्याच्यासमोर बसून त्याच्याच बशीतून चहा पीत होतं. शेजारीही हजर होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा छान झालाय."

उठताना त्याने वही परत दिली. "पुढच्या खेपेला भरून आणा," म्हणाला. मी गाडी वळवली. उतारावर पडद्यावर चाळीसच्या वरचे आकडे येत होते, मी तिकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात परत जाऊन सांगायचं, असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात नात्यात लग्न निघालं, मग बायको आजारी पडली, मग पावसाळ्यात दरड येऊन रस्ता बंद झाला. खरं सांगायचं तर रस्ता तीनच आठवडे बंद होता. दिवाळीच्या सुमारास एसटी स्टँडवर त्याचा तो शेजारी भेटला. त्याने सांगितलं, गणपतीनंतर त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो वारला. खाली आणायला जीप होती, पण उशीर झाला होता.

तुमच्या ओटीवर, त्या दोन शेजाऱ्यांसमोर आणि तुमच्या बायकोसमोर मला जे म्हणायचं होतं, ते हे होतं : तुम्ही थेंबभर डिझेल कधी घेतलं नाहीत. पंपावर चारचौघांत मी जे बोललो ते खोटं होतं. मुंबईहून फोन आला तेव्हा तुमची जीप मी घालवली, दुसऱ्या कुणी नाही. तुम्ही मला गाडीत शेजारी बसायला बोलावलंत, मी बसलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा.