भिंतीवरचे बाप

यशोधरा मॅडमचा विषय निघाला की माझं डोकं अजून फिरतं. तिच्यावर नाही हो, तिच्यावर कशाला रागावू? तिची वर्षभराची मेहनत ज्यांनी मातीत घातली त्यांच्यावर. मी सुरेखा. बीडच्या जुन्या वस्तीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

यशोधरा सिरसाळ्याची. अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. पहिलीच नोकरी, गणिताची, आणि मुख्याध्यापकांनी तिच्या गळ्यात काय बांधलं? दहावी क. क म्हणजे आमच्याकडं गाळलेला गाळ. ढकलत ढकलत वर आलेली, मधेच शाळा सोडून परत आलेली, पहाटे भाजीमंडईत पोती उचलून वर्गात पेंगणारी पोरं. कुठल्याच शिक्षकाला ती तुकडी नको असायची. पहिल्या दिवशी पोरांनी बाकं बडवून बडवून तिला बाहेर काढलं. ती स्टाफरूममधे आली, घटाघटा पाणी प्याली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुख्याध्यापक हसत म्हणाले, "मॅडम, कावून एवढं मनाला लावून घेता? मार्चमधी भिंत हाय ना!"

भिंत म्हणजे शाळेच्या मागचं कंपाउंड. बोर्डाचे पेपर लागले की बाप, काका, मेहुणे तिच्यावर चढतात आणि खिडकीतून कॉप्या फेकतात. लाज? कसली लाज! उलट ज्याचं कुणी भिंतीवर नसेल त्या पोराला विचारतात, "कावून रे, तुला घरात कुणी हाय का न्हाई?" पोलीस येतात, काठी आपटतात, माणसं खाली उतरतात, पोलीस वळले की पुन्हा वर. वर्षानुवर्षं हाच तमाशा.

"मग मी इथं कशाला आले, सुरेखाताई?" यशोधरा माझ्यावरच खेकसली. "खुर्ची उबवायला? ही पोरं भिंतीशिवाय पास होतील. बघाच तुम्ही."

आणि राबली हो ती पोरगी! शाळा भरायच्या आधी वर्ग, सुटल्यावर वर्ग. कुणी आलं नाही तर थेट त्याच्या दारात जाऊन उभी. "डोक्यात बटाटे भरलेत काय रे तुमच्या?" म्हणून ओरडायची, घसा बसेपर्यंत ओरडायची, आणि तेच गणित चौथ्यांदा समजावायची. दिवाळीनंतर काहींचे आईबाप ऊसतोडीला गेले, तेव्हा मागं राहिलेल्या पोरांना तिनं स्वतःच्या खोलीवर बसवून शिकवलं. बाकी स्टाफ काय करत होता? चहा पीत तिची टिंगल. "नवीन झाडू हाय, झाडू द्या." असा संताप यायचा मला, की कप फेकून मारावासा वाटायचा.

तिची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे योगिता. रिक्षावाल्या बजरंगची मुलगी. जूनमधे हिला साधा भागाकार जमत नव्हता. जानेवारीत ही बया फळ्यावर समीकरणं सोडवून वर पोरांनाच झापायला लागली, "अबे, चिन्ह बदल की!" यशोधरा मागच्या बाकावर बसून नुसती हसायची.

फेब्रुवारीत यशोधरेनं पालकांना बोलावलं. सरळ सांगितलं, भिंतीकडं कुणी फिरकायचं नाही. एकेकाकडून वदवून घेतलं. बजरंगनं तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "मॅडम, योगिताची शप्पथ. मी त्या भिंतीकडं बघणार बी न्हाई."

गणिताचा पेपर. यशोधरेचा विषय, म्हणून तिला आत प्रवेश नव्हता. ती गेटवर उन्हात उभी. योगिताच्या वर्गावर मी होते. पोरीनं मान वर न करता पेपर लिहिला. सगळा. शेवटी उत्तरं पुन्हा तपासत बसली होती, तेवढ्यात खिडकीतून चिठ्ठी आली आणि नेमकी तिच्या बाकावर पडली. आणि दारात भरारी पथक!

"साहेब, तिनं हातसुद्धा लावला नाही," मी ओरडले. "बाहेरून आलीय, मी बघितलंय."

"फेकणारा कोण ते सांग," साहेब योगिताला म्हणाले. "त्याच्यावर गुन्हा दाखल करतो. तू पेपर लिही."

योगितानं खिडकीकडं बघितलं. मीही बघितलं, तर नुसती खाली दबणारी डोकी. पोरीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"कुणी न्हाई, सर. माझीच हाय."

"अगं, खोटं कशाला बोलतेस?" मी तिचा खांदा हलवला.

"माझीच हाय, मॅडम."

त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढून घेतली. संपलं. परीक्षेतून बाद. मी दुसऱ्या बाईंना वर्गावर उभं केलं आणि तिला धरून गेटवर आणलं. यशोधरेला सगळं सांगितलं. ती योगिताला गदागदा हलवत म्हणाली, "कोण होतं? नाव सांग मला! आत्ताच्या आत्ता तंगडी मोडते त्याची!"

तेवढ्यात मागच्या बोळातून बजरंग आला. पँट गुडघ्यावर फाटलेली, घामानं निथळलेला, तोंडभर हसू.

"भेटली ना गं? बरूबर बाकावर टाकली का न्हाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यशोधरा तर त्याच्या अंगावर धावूनच गेली. "तुम्ही? पोरीची शपथ घेतली होती तुम्ही!"

"घेतलती, मॅडम. पण समद्यांचे बाप भिंतीवर, अन् मी एकटाच खाली रिक्षात. पोरीनं खिडकीतून बघितलं असतं तर काय म्हणली असती? माझाच बाप कुठाय?"

"बाहेर काढलंय तिला! वर्ष गेलं तिचं! तुमच्या चिठ्ठीपायी!"

बजरंगचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. त्याला काही उमजेना.

"पण उत्तरं बरूबर व्हती ओ, मॅडम," तो म्हणाला. "क्लासच्या सरांकडून लिहून आणलती."

यशोधरेनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी योगिता बोलली.

"बरूबरच व्हती, पप्पा. मीबी तीच लिहिली व्हती."