घरटी एक माणूस

"कोन म्हनलं?"

हे विचारण्याआधी ती पदर कमरेला खोचायची, मग दोन्ही मुठी कमरेवर ठेवायची आणि मग विचारायची. पदर खोचलेला दिसला की शहाण्यानं आपलं म्हणणं तिथंच गिळावं. मी शहाणा नव्हतो, कारकून होतो.

पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पिंपरीच्या माळावर औषधाचा एक सरकारी कारखाना नव्यानं सुरू झाला होता आणि मी त्याच्या कचेरीत कामगारांची हजेरी, अर्ज, नोटिसा असली कामं बघायचो. कोकणातून आलेला, चिंचवडात एक खोली करून राहणारा, अंगात कोट आणि डोक्यात स्वतःविषयी फार बरं मत. ती नदीपलीकडच्या रहाटणी गावची. औषधाच्या बाटल्या धुवायच्या खात्यात कामाला.

"बाई, कामाच्या वेळी बोलायचं नाही. नियम आहे," मी एकदा म्हणालो.

"कोन म्हनलं?"

"साहेब म्हणाले."

"सायबाला कोन म्हनलं?"

"मुंबईच्या ऑफिसनं."

"आन् मुंबईला?"

"दिल्लीनं सांगितलं असेल."

"आमचं बोलनं दिल्लीपत्तुर ऐकू जातंय व्हय, भाऊसाहेब? मंग तर बोलायलाच पायजे."

बाटल्या धुणाऱ्या बाकीच्या अकरा जणी एकदम हसल्या आणि मी कचेरीत परत आलो. तो नियम पुढं कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.

तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं आणि तिच्या कानावर गेलं, तर माझं नाव छापायला कोन म्हनलं म्हणून ती विचारत येईल. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेलच. तिचंच नाव इथं घालून वाचा.

ती कारखान्यात आली कशी, यात थोडा माझा हात आहे. अभिमानानं सांगत नाही, कारण तो हात चुकून लागला.

नदीच्या अलीकडची काही शेतं कारखान्यासाठी घेतली होती. ज्या घरांची जमीन गेली, त्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं ठरलं. आमचे साहेब मद्रासकडचे. त्यांनी इंग्रजीत कागद दिला आणि मराठीत नोटीस करायला मला सांगितलं. कागदात स्वच्छ लिहिलं होतं की कुटुंबातला एक धडधाकट पुरुष. मला जेवायची घाई होती. मी लिहिलं, 'घरटी एक माणूस'. आता माणूस म्हणजे पुरुषच, हे कुणाला सांगायला लागतं का? मला तरी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती टेबलासमोर उभी राहिली.

"नोटीस वाचून घेतली तलाठ्याकडनं. घरटी एक मानूस. मी आले."

"घरातला पुरुष कुठं आहे?"

"मालक मुंबईला गोदीत हायेत म्हनं. दोन वर्सं झाली, कागद न्हाई. मामंजी थकल्यात. भावजी सोळाचे, तुमी घेत न्हाई. ऱ्हायले मी."

"अहो, पण इथं माणूस पाहिजे."

पदर खोचला गेला. "मंग मी कोन हाय?"

"तुम्ही बाईमाणूस."

"बगा, तुमीच म्हनला. बाईमानूस. मानूस हायच की त्यात."

मी हसलो. ती हसली नाही. मग मी तिला साहेबांपुढं नेलं, कारण ते तिला हाकलतील आणि मला हाकलावं लागणार नाही. साहेबांनी सगळं ऐकून कपाटातला मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला, 'माणूस' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं. कोशात दोन्ही अर्थ होते. शिवाय बाटल्यांच्या बारीक तोंडात पुरुषांची जाड बोटं जात नव्हती आणि रोज ढिगानं काच फुटत होती. तिला नोकरी मिळाली. मला तासभर इंग्रजी बोलणी खावी लागली. एका घासासाठी मी नोटीस बिघडवली होती, असं साहेबांचं म्हणणं पडलं, आणि ते खरं होतं.

तिच्यामागून आणखी अकरा जणी आल्या. बाटली धुऊन उजेडाला धरायची आणि आत केसाएवढा कण दिसला तर परत पाण्यात. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. साहेब तिला एरवी वचकून असत, पण तपासलेली बाटली तिच्या हातची आहे म्हटल्यावर दुसऱ्यांदा बघत नसत.

कारखाना बांधणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. सायकलींना छप्पर होतं, साहेबांच्या मोटारीला वेगळं होतं. बायकांना संडास मात्र नव्हता. बायका येतील हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं, आणि त्याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. नोटीस मी चुकवली होती, नकाशा कुणी चुकवला नव्हता, तो पुरुषांसाठीच होता. पहिले पंधरा दिवस त्या बारा जणी कुंपणापलीकडं बाभळीत जायच्या. मग एका दुपारी रांगेनं साहेबलोकांच्या संडासात गेल्या. बाहेर दोन अधिकारी हातात रुमाल घेऊन ताटकळत उभे होते. मी धावत गेलो.

"बाई, दारावर पाटी आहे! फक्त अधिकाऱ्यांसाठी!"

"वाचाया येत न्हाई, भाऊसाहेब."

"मी वाचून दाखवतो ना!"

"आता झालं की," ती म्हणाली. "फुडच्या वक्ताला दाखवा."

पुढच्या वक्ताला दाखवायची वेळ आली नाही. आठवड्याच्या आत बायकांसाठी पत्र्याचा संडास उभा राहिला. सरकारी मंजुरीला एरवी किती वेळ लागतो हे पाहता तो चमत्कारच म्हणायला हवा.

असं दीड-पावणेदोन वर्षं चाललं. आणि तिचा दीर अठरा वर्षांचा झाला.

इथं तिच्या सासऱ्याबद्दल सांगितलं पाहिजे. म्हातारा वाईट नव्हता. डोळ्यांदेखत शेत गेलेलं, थोरला मुलगा गेला तो गेलाच. एस.टी.च्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतात ना, तशी त्यानं सून कारखान्यात टाकली होती. दीर मोठा होईपर्यंत जागा धरायची. आता खरा बसणारा आला होता, तेव्हा टॉवेलानं उठावं, एवढंच त्याचं म्हणणं. तो धाकट्याला घेऊन कचेरीत आला.

"रावसाहेब, हिचं नाव काडा आन् पोराचं घाला. जमीन आमच्या घरची गेली, नोकरी आमच्या घरची हाय."

खरं सांगतो, मला ते रास्त वाटलं. माझ्या घरी बायको माझं जेवण झाल्यावर माझ्याच ताटात जेवायची आणि त्यातही मला काही वावगं दिसत नव्हतं. साहेबांनाही वाटलं की ही डोकेदुखी जाते तर जाऊ दे. फक्त तिचा राजीनामा रीतसर हवा. मी झोकात मसुदा केला आणि तिला बोलावलं. सासरा बाकावर, दीर दाराशी, साहेब खुर्चीत. टेबलावर अंगठ्यासाठी शाईचा पॅड उघडून ठेवलेला.

मी वाचलं, "मी राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं लिहून देते की, घरच्या कामामुळं मला नोकरी करणं जमत नसून..."

"थांबा. मी राजी हाय असं कोन म्हनलं?"

"ती लिहायची पद्धत असते, बाई."

सासरा बाकावरून म्हणाला, "अगं, घरात बसून खा की आता. तुला कशाला तरास?"

"बसून?" ती वळली. "मामंजी, मी कवा बसले वो? रानात खुरपत व्हते तवा रान तुमचं व्हतं. हितं बाटल्या धुती तर नोकरी तुमची. मंग माजं काय हाय? नुसतं हात?"

म्हाताऱ्यानं धाकट्याकडं पाहिलं. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं त्याला. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं की ती काय म्हणते आहे. मी म्हणालो, "नको म्हणते आहे." याहून जास्त माझ्या इंग्रजीला झेपण्यासारखं नव्हतं.

मग ती माझ्याकडं वळली. "वाचा पुन्यांदा. सुरवातीचं तेवडं."

"राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं..."

"मी राजीबी न्हाई आन् खुशीबी न्हाई. अक्कलहुशारी तेवडी हाय, म्हनून आंगठा देत न्हाई."

तिनं अंगठा मुठीत दाबला, मूठ पदराखाली नेली आणि बाटल्यांकडं निघून गेली. मी शाईचा पॅड बंद केला. दीर खाली बघत होता, पण त्याला हसू आलं होतं ते मी पाहिलं. अंगठ्याशिवाय साहेबांना तिचं नाव काढता येईना. सासरा उठताना एवढंच म्हणाला, "मंग आमच्या उंबऱ्यात पाय ठिवू नगं म्हनावं."

दोन दिवसांनी सकाळी ती डोक्यावर भलं मोठं गाठोडं घेऊन फाटकाशी आली. पहारेकऱ्यानं ते आत घेऊ दिलं नाही. तिनं फाटकाबाहेरच्या लिंबाखाली ठेवलं आणि कामावर गेली. माझ्या खिडकीतून ते दिवसभर दिसत होतं. एका बाईचं सगळं घर झाडाखाली पडलंय आणि मी आत बसून हजेरीच्या रेघा मारतोय. मला माझी लाज वाटली. नोटीस बिघडवली तेव्हा वाटली नव्हती, राजीनामा झोकात लिहिला त्याची वाटली.

संध्याकाळी भोंगा झाला. मी मुद्दामच फाटकाशी रेंगाळलो. जवळच्या निर्वासितांच्या छावणीत एका सिंधी म्हातारीनं तिला खोलीचा अर्धा भाग दिला होता, तिकडं ती निघाली होती.

"भाऊसाहेब, जरा हात लावा."

कोटातल्या माणसाला असं सांगायला धाडस लागतं. मी हात लावला. गाठोडं जागचं हललं नाही.

"यात काय धोंडे भरलेत?"

"व्हय. जात्याची वरली तळी हाय. माज्या आईनं दिल्यालं जातं."

"आणि खालची?"

"दोन्ही न्हाई झेपल्या. खालची ठिवली तिथंच."

"अहो, पण एका तळीनं दळणार कसं?"

"मला न्हाई दळता येनार," ती म्हणाली, "पन तिकडंबी कुनाला येनार न्हाई." आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसली. हसता हसता डोळे भरले, तेही तिनं लपवले नाहीत. चुंबळ नीट केली, दोघांनी मिळून ओझं उचललं आणि ती गेली. माझ्या बाहीला तिच्या दळणाचं पीठ लागलं होतं.

पुढं मला मुंबईच्या ऑफिसात धाडलं आणि ती मला परत दिसली नाही. दिराला कारखान्यानं नंतरच्या भरतीत घेतलं असं ऐकलं. दोघं एकाच फाटकातून आत जात असणार. म्हाताऱ्यानं नवं जातं घेतलं की नाही, कळलं नाही.

पण त्या गाठोड्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ माझ्या मनातून जात नाही. ती भोंग्याच्या बरंच आधी फाटकावर उभी होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, रडली असेल रात्रभर. मी विचारलं, "काय बाई, झोप लागली का नव्या जागी?"

"लागली की," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच उजाडल्यावर उठले, भाऊसाहेब. लई ग्वाड वाटलं. मंग लई रडले."

एवढं बोलून ती आत गेली.