कुंडलिकाच्या नावाचं कडवं

रागाच्या बाबतीत जळोचीच्या भानुदास गुरुजींचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. नोकरीत होते तोवर तो राग पोरांच्या कानांवर निघायचा. निवृत्त झाल्यावर त्याला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच टीव्हीवर ती नवी मालिका सुरू झाली. शीर्षकगीताची पहिली ओळ ऐकली नि गुरुजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

कालव्याच्या कडंनं चाल माझ्या बाळा,
पान्याच्या आदी तू गाठ रं शाळा.

हे गाणं त्यांच्या वडिलांचं! कुंडलिकतात्यांची गायन पार्टी होती. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की बारामतीपासून इंदापूरपर्यंत वस्त्यावस्त्यांवर ती गायची. गुरुजींनी हे गाणं आपल्या प्रत्येक वर्गाला शिकवलं होतं, माझ्या वडिलांनी रचलंय असं छाती फुगवून सांगत. आणि आता पडद्यावर काय यावं? 'गीत : पारंपरिक.'

"पारंपरिक म्हणं!" गुरुजी टीव्हीवरच ओरडले. "माझ्या बापाला काय नाव-गाव नव्हतं? एवढा मोठा च्यानल, यानला इचारता येत न्हाय?"

त्यांची आई, अक्काबाई, खाली बसून शेंगा फोडत होती. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

गुरुजींनी सुनेकडून वाहिनीचा फोन नंबर काढवला. पलीकडचा माणूस गोड बोलला, पण मुद्द्यावर आला. "पुरावा पाठवा सर, नाव लगेच टाकू."

पुरावा होता. पार्टीच्या गाण्यात रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, हे त्या भागात कुणालाही ठाऊक. पण ते कडवंच गुरुजींना आठवेना. वर्गात दोन कडवी झाली की पोरं चुळबुळ करायची, तिसऱ्यापर्यंत ते कधी गेलेच नव्हते. आई काही पार्टीबरोबर फिरली नव्हती, तिला काय माहीत असणार, म्हणून तिला त्यांनी विचारलंही नाही. काटेवाडीच्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला गाठलं, तर त्याला चाल आठवत होती आणि शब्द भलत्याच गाण्याचे. त्याच्यावरही गुरुजी डाफरलेच. शेवटी कळलं की पार्टीत मागं कोरस धरणारी फुलाबाई अजून आहे, इंदापुरात, लेकीकडं.

गुरुजी एसटीनं इंदापूरला गेले. फुलाबाईचे दात गेले होते, गळा शाबूत होता. तिनं डोळे मिटून पहिल्यापासून धरलं. गुरुजी मोबाइल तिच्या तोंडाशी धरून बसले. आणि आलं एकदाचं ते कडवं :

कुंडलिकाच्या दारी दिस उगवला,
पाटीवर लेकानं 'अ' गिरवला.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथं त्यांनी ते रेकॉर्डिंग वाहिनीला पाठवून दिलं. "मावशी, आता बसली का न्हाय चपराक? ह्यो माझ्या बापाचा पुरावा!"

"बापाचा कशाला?" फुलाबाई म्हणाली. "गानं तुज्या आईचं हाय की."

"काय बोलताय मावशी? शेवटाला तात्यांचं नाव हाय!"

"आरं, बाईमानूस नाव घेतंय ते मालकाचंच घेनार. उखाण्यात काय आपलं सवताचं नाव घेत्यात व्हय? तू शाळंत निगालास तवा खुरपताना रचलं तिनं. तात्यांनी ऐकलं आन् पार्टीत घेतलं. लोकांनी कडव्यातलं नाव ऐकलं, वाटलं त्येंनीच बांधलं. आन् दुसरं कडवं आठव. 'भाकर बांधली, मीठ ऱ्हायलं.' बाप्याला ठावं असतंय व्हय, फडक्यात मीठ ऱ्हायलं त्ये?"

परतीच्या गाडीत गुरुजी धुमसत होते. कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं, म्हणून कंडक्टरशी भांडले. घरात पाऊल टाकताच आईवर ओरडले. "आये, गानं तुजं हाय तर इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

अक्काबाईनं सूप बाजूला आपटलं. "बोलले व्हते! नव्या नोकरीवर गेलास तवा बोलले. हसलास. 'आये, तुला सही येत न्हाय, तू गानं कुठनं लिवशील,' म्हनलास. गुरुजी झाला व्हतास न्हवं! सगळ्या तालुक्याला पुसत फिरलास, म्हातारी घरात बसलीय, तिला इचारायला जीब झडली व्हती व्हय?"

असला राग गुरुजींनी आयुष्यभर दुसऱ्यांवर काढला होता, स्वतःवर कधी झेलला नव्हता. त्यांनी लगेच वाहिनीला फोन लावला. गाणं आईचं आहे, नाव बदला, म्हणून विनवलं. "सर, तुम्हीच पाठवलेल्या पुराव्यात कुंडलिक नाव आहे," तो माणूस म्हणाला. "तेच टाकलंय. रोज रोज बदलता येत नाही."

संध्याकाळी शेजारीपाजारी पेढे घेऊन जमले. बातमी सुनेनं आधीच सगळीकडं धाडली होती. मालिका लागली, गाणं वाजलं, आणि पडद्यावर झळकलं, 'गीत : शाहीर कुंडलिक.' टाळ्या पडल्या. कुणीतरी गुरुजींच्या तोंडात पेढा कोंबला.

अक्काबाई पडद्याकडं बघत होती. "काय लिवलंय रं?"

गुरुजींनी पेढा तोंडातून काढून हातात धरला.

"चुकीचं लिवलंय, आये," ते ओरडलेच. "गानं तुजं हाय. ऐका सगळे, गानं माझ्या आईनं रचलंय! चुकीचं नाव मी कळवलं, मी! वर्गावर्गात खोटं शिकवलं!"

पेढेवाला शेजारी खाली बघायला लागला.

"मंग उंद्या जा पुन्याला, त्येंच्या हापिसात," अक्काबाई म्हणाली. "मला संगट घेऊन जा. आन् तितं तू गप बसायचं. मी बोलनार."