नागराजचा ‘ल’

“माझा ‘ल’ कुठाय?” दगडावर हात फिरवत लक्ष्मम्मा कन्नडमध्ये विचारत होत्या.

देवनहळ्ळीजवळच्या एका खेड्यातल्या शहीद जवानांचं स्मारक आम्ही बांधत होतो. मी आर्किटेक्ट. प्रत्येक जवानाची वेगळी ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर रबराचं स्टेन्सिल चिकटवायचं आणि जोरात वाळूचा मारा करायचा, की उघड्या जागी अक्षर कोरलं जातं. झकास दिसतं. पण एकदा कोरलं की कोरलं, खोडरबर नाही!

आमचे साहेब नुकतेच पुण्याहून आलेले. यादी बघून म्हणाले, “अहो, यांची आडनावं कुठायत?”

“साहेब, इथे बहुतेकांना आडनाव नसतंच. नावाआधी अक्षर लावतात. वडिलांचं, गावाचं, ज्याचं त्याचं.”

“छे, अर्धवट वाटतं. वडिलांचं नाव पूर्ण टाका.”

मी जन्मापासून बेंगळुरातली, तरी आडनावाशिवाय मराठी माणसाला चैन पडत नाही हे घरीच बघितलेलं. वाद घातला नाही. पंचायतीच्या अध्यक्षांना विचारून वडिलांची नावं घातली. ‘ल. नागराज’चा झाला ‘मुनियप्पा नागराज’.

आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी नागराजची आई हजर. त्याच या लक्ष्मम्मा. मुलगा पाळण्यात असताना नवरा, म्हणजे हा मुनियप्पा, घर सोडून गेला. लोकांच्या द्राक्षमळ्यांत राबून यांनी पोर वाढवलं. शाळेत त्यानं हट्टानं आईचंच अक्षर लावलं. फौजेतून सुट्टीवर आला तेव्हा ट्रंकेवरचा ‘ल’ आईला बोटानं गिरवायला शिकवला. त्यांना तेवढं एकच अक्षर वाचता येत होतं.

“यात माझा नागराज नाही, मेडम,” त्या म्हणाल्या. मला रडूच आलं.

साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं आणि म्हटलं, “पाटी घासून परत पॉलिश करायची, परत कोरायची. आजच्या आज.”

“एका अक्षरासाठी?”

“त्यांना तेवढंच वाचता येतं, साहेब.”

साहेब म्हणाले, “तर मग एकच अक्षर कशाला? आईचं पूर्ण नाव टाका की! थांबा, मीही येतो.”

आणि आले हो! मशीनच्या धुळीनं पांढरेफटक होईपर्यंत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. लक्ष्मम्मांनी पाटीला हळदकुंकू लावलं, ‘ल’वर बोट ठेवलं आणि खुदकन हसल्या. “बंद!” म्हणाल्या. म्हणजे कन्नडमध्ये, आला! मग बोट पुढे सरकवत म्हणाल्या, “हे काय?”

“तुमचं सगळं नाव, अम्मा.”

“अय्यो! मी कधी गेले लढाईला?”

सगळं गाव खो खो हसलं. साहेब तर डोळे पुसत हसत होते. त्या मात्र पाटीसमोर बसून ‘क्ष्म’ गिरवायला लागल्या होत्या.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात आडनाव कुणी विचारत नाही. साहेबच आधी विचारतात, “हे अक्षर कुणाचं?”