लखूचे कान आणि चंद्राची कळशी

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, जोयडा. पहाटे धुके. दूध अर्धा लिटर, पातळ. उळवीच्या जत्रेच्या बैलगाड्या साडेपाचपासून रस्त्याने जाताहेत. नाश्ता होईपर्यंत सतरा मोजल्या. विहिरीला दोर हातभर जास्त लागतो. लखूने खिडकीतून निरोप दिला, अकराच्या सुमारास येऊन जा. चंद्रा पाण्याला चौथ्यांदा.

इतके लिहून मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. दोन माणसांच्या घरात नऊच्या आत चार कळश्या कशाला लागतात?

लखू वेळीप माझा शेजारी. मधे कमरेएवढा दगडी गडगा आहे आणि विहीर माझ्या आवारात. अठ्ठावीस वर्षे तो जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होता. माझे यजमान तिथे डॉक्टर. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. लखूच्या अंगावरून वारे गेले त्याला तीन. डावी बाजू गेली, जीभ थोडी जड झाली. तेव्हापासून तो रस्त्याकडच्या खिडकीशी खाटेवर आहे. बायको चंद्राच त्याला उठवते, बसवते, धुते. मुलगा गणेश गोव्यात कारखान्यात आहे, तिघांबरोबर एका खोलीत राहतो. चंद्रा खाली बसली तर लखूला उचलायला दुसरे कोणी नाही, हे आम्ही तिघेही जाणतो आणि बोलत नाही.

लखूची शाळा चौथीपर्यंत. पण जनावर कसे चालते, हे त्याला डॉक्टरांपेक्षा आधी कळायचे. दवाखान्याच्या मागे तो सुया उकळत बसलेला असायचा. अंगणात म्हैस आली की न बघता सांगायचा, मागचा डावा. यजमान तपासायचे आणि मागचा डावाच निघायचा. त्यांनी मला पुस्तकातली चित्रे दाखवून समजावले होते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना जनावर डोके वर उचलते, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो. चांगला पाय टेकताना डोके खाली येते. पुस्तक म्हणते ते लखू कानांनी वाचतो, असे ते म्हणायचे. काळी नदीत पोहणारी म्हैस मात्र त्याला फसवायची. पाणी अंग उचलून धरते, तिथे लंगडे जनावर लंगडे राहत नाही. त्यावर लखू हसून म्हणायचा, काठावर चढू दे, मग सांगतो.

खाटेला खिळल्यापासून त्याचे कान आणखी तिखट झाले. वरून धनेश गेला तर पंखांच्या फरफरीवरून सांगतो की याचे एक पीस गळले आहे. खरे-खोटे कोण बघायला जाते? पण रस्त्यावरची माणसे तो पावलांवरून ओळखतो, हे मी स्वतः पारखून पाहिले आहे.

अकराला गेले तेव्हा चंद्रा मागे भांडी घासत होती. लखूने मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात सांगितले. उचलताना चंद्रा त्याच्यावर वाकते, तेव्हा तिची ओली कंबर त्याच्या हाताला लागते. चाळीस वर्षे ती कळशी डाव्या कमरेवर घेते. दिवाळीपासून ओल उजवीकडे गेली आहे.

मी म्हटले, मग डावी बाजू दुखत असेल. त्याने चांगला हात हलवला.

"उजवी दुखती, बाई. म्हनून उजवीकडं घेती."

दुखऱ्या बाजूला ओझे कोण घेईल? त्याने मला दम खात समजावले. उजव्या खुब्यात कळ असली की माणूस त्या पायावर उभा राहताना उजवीकडे कलतो, म्हणजे खुब्याला ताण कमी पडतो. पण उजव्या कमरेवर भरली कळशी असली की ती कळशीच तो ताण हलका करते आणि अंग सरळ राहते. चाल एकसारखी होते. कोणालाही दिसत नाही.

"रात्री मोरीकडं जाती तवा कळशी नसती. तवा ऐकू येतं मला."

तो तिला दोनदा बोलला होता. तिने हसण्यावारी नेले. आता मी तिला अंगणातल्या फरशीवरून, कळशी खाली ठेवून, चालायला सांगावे, एवढेच त्याला हवे होते. दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत झाले तर ती नाही म्हणू शकणार नाही, आणि बेळगावला जाऊन खुब्याचा फोटो काढून घेईल.

मी घरी येऊन मागची वही काढली. २३ नोव्हेंबरला माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'चंद्रा हल्ली अर्धी भरलेली कळशी घेऊनच पाण्याला येते. विचारले तर म्हणाली, विसळायला.' मी ते नीट नोंदले होते, तारखेसह, आणि पुढच्या ओळीत चिंचेचा भाव लिहिला होता. येताना अर्धी भरलेली, म्हणून खेपाही दुप्पट. अडीच महिने ती माझ्या डोळ्यांसमोरून रोज चार-पाच वेळा गेली.

चारच्या सुमारास ती आली, कळशी उजव्या कमरेवर. मी ओट्यावर उभी होते. म्हटले, चंद्रा, कळशी इथे ठेव, आणि तुझ्या खिडकीपर्यंत फरशीवरून चालून दाखव.

ती थांबली. रस्त्याने गाड्यांची एक रांग घुंगरांचा आवाज करत चालली होती. खिडकीत लखूचे डोके दिसत होते.

"त्येंनी शिकिवलं व्हय तुमाला, अक्का?"

मी हो म्हटले. तिने कळशी ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि चालू लागली. तिसऱ्या पावलाला तिचा उजवा हात कुठे धरायला मिळते का ते शोधू लागला. प्रत्येक उजव्या पावलाला तिचे सगळे अंग बाजूला झुकत होते. गडग्यातली वाट ओलांडताना तिने दगड धरला. खिडकीशी पोचेपर्यंत तिच्या कपाळावर घाम होता. मीही मागोमाग गेले.

आतून लखू म्हणाला, "उजवा खुबा."

"आता कळलं? झालं समाधान?"

तिने गज धरले आणि मला विचारले, तो धारवाडकडचा बैल आठवतो का? मला आठवत होता. त्या वर्षीही जत्राच होती. गाडीवाला दवाखान्यात आला, म्हणाला, डावा बैल आळशी आहे, ओढत नाही. त्या बैलाच्या पाठीवर चाबकाचे वळ होते. यजमानांनी डाव्याला सगळीकडून तपासले, काही सापडेना. लखू मागून आला आणि म्हणाला, जू काढा, एकेकट्याला चालवा. जू काढल्यावर उजवा बैल पावलागणिक डोके उडवू लागला. त्याच्या खुराच्या बेचक्यात खिळा होता. जुवाखाली मान उचलता येत नाही, म्हणून इतके कोस तो आपले अंग डाव्यावर टाकत आला होता. ही गोष्ट लखू पाहुण्यांना नेहमी सांगायचा आणि इथेच थांबायचा.

"उजव्याला तुमी ठेवून घेतला, खिळा काढला. त्या डाव्याचं काय केलंत, त्ये सांगा की अक्कांना."

लखूने चांगल्या हाताने पांघरूण सरळ केले.

"त्योबी तितंच बांधला," तो म्हणाला. "एकट्याला गाडी वढता येत न्हाई."

"मग?"

"मग काय. आट दिस दोगंबी दाव्याला."

मी म्हटले, सोमवारच्या बसने आपण बेळगावला जाऊ, तोवर गणेशला फोन करून बोलावू. चंद्रा म्हणाली, त्याला रजा नाही. मी म्हटले, मग लखूकडे मी बघते. तिने माझ्या हातांकडे पाहिले. माझे वय एकोणऐंशी आहे. लखू आता खाली सरकला आहे, त्याला वर ओढून घ्यायला हवे, असे म्हणत ती दार धरून आत गेली. आतून तिची पावले मलाही ऐकू आली, एक लांब, एक आखूड. इतकी वर्षे मला असे काही ऐकू आले नव्हते.

संध्याकाळी वहीत पुढची ओळ लिहिली: चंद्राची कळशी माझ्याच ओट्यावर राहिली. तिच्यातले अर्धे पाणी अबोलीला घातले आणि कळशी उपडी करून ठेवली.